दंतकथेतल्या प्राण्याच्या शोधात अलास्काची जलसफर: नागपूरकरांनी तयारी कशी करावी

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर उन्हाळ्यात छोटी जहाजे जंगलसफरी काढतात. त्यांतल्या काही सफरींचा विषयच मुळी ‘बिगफूट’ किंवा ‘सॅस्क्वॉच’ हा असतो, म्हणजे अंगभर केस असलेला, माणसासारखा दोन पायांवर चालणारा आणि आजवर कोणाच्याही हाती न लागलेला प्राणी. दिवसा किनाऱ्यावर उतरून जंगलात खुणा शोधायच्या, रात्री डेकवर बसून आवाज ऐकायचे, मधल्या वेळेत जाणकाराचे व्याख्यान ऐकायचे, असा साधारण बेत असतो. ताडोबा आणि पेंच उंबरठ्याशी असलेल्या नागपूरकराला जंगलात तासन्‌तास वाट पाहण्याची सवय असते, त्यामुळे या सफरीचा पिंड त्याला लवकर समजेल. मात्र जहाज निवडताना ते काय दाखवणार आहे यापेक्षा ते शोध कसा घेणार आहे, हे पाहावे. प्राणी दिसण्याची हमी कोणी देत असेल, तर ते जहाज तिथेच बाद करावे.

पुराव्यांचा इतिहास निघण्यापूर्वीच वाचून ठेवावा, कारण सफरीवरच्या निम्म्या गप्पा त्याच्याभोवती फिरतात. १९५८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीक येथे रस्त्याच्या कामावर प्रचंड पावलांचे ठसे सापडले आणि ‘बिगफूट’ हे नाव वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाले. त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी ठसे उमटवण्यासाठी वापरलेली लाकडी पावले लोकांसमोर ठेवली. त्याच परिसरात २० ऑक्टोबर १९६७ रोजी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी एका चालत्या आकृतीचे चित्रण केले. ते जेमतेम एक मिनिटाचे आहे आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. केसांच्या नमुन्यांची कथा अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेच्या एफबीआयने १९७० च्या दशकात तपासलेला एक नमुना हरणाचा निघाला. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २०१४ मध्ये जगभरातून आलेल्या नमुन्यांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत अस्वल, घोडा, गाय असे ओळखीचेच प्राणी आढळले. हिमालयातल्या ‘यती’च्या म्हणून जपलेल्या अवशेषांची २०१७ मध्ये तपासणी झाली, तेव्हा नऊपैकी आठ नमुने अस्वलाचे आणि एक कुत्र्याचा निघाला. बुकिंगपूर्वी आयोजकांना पत्र लिहून सोबतचा जाणकार या तपासण्यांविषयी काय सांगतो, हे विचारावे. जो त्यांचा उल्लेखही टाळतो, त्याच्याबरोबर आठवडाभर एका छोट्या जहाजावर राहणे कंटाळवाणे होते, असे माझे मत आहे.

जहाज कोणते आणि व्हिसा कोणता

हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून ते एकत्रच सोडवावेत. अमेरिकेत १८८६ पासून असा कायदा आहे की परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये थेट प्रवासी वाहतूक करता येत नाही. हजारो प्रवाशांची बहुतेक मोठी जहाजे परदेशी नोंदणीची असल्यामुळे अलास्काला जाता-येता त्यांना व्हँकुव्हर किंवा व्हिक्टोरिया अशा कॅनडाच्या बंदराला लागावे लागते, आणि अशा सफरीसाठी भारतीय पासपोर्टधारकाने कॅनडाचाही व्हिसा काढून ठेवावा. अमेरिकी नोंदणीचे छोटे जहाज मात्र अलास्कातल्याच जूनोहून निघून सिटका किंवा केचिकान येथे सफर संपवू शकते, तेव्हा एकट्या अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर काम भागते. शोधसफरी छोट्या जहाजांवरच होतात, कारण उथळ खाडीत शिरणे आणि रबरी बोटीतून पंचवीस-तीस जणांना निर्जन किनाऱ्यावर उतरवणे मोठ्या जहाजाला जमत नाही. तरीही कार्यक्रमपत्रिकेतले प्रत्येक बंदर नकाशावर तपासावे. विमान व्हँकुव्हरमार्गे स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर तिथे मुक्काम नसला तरी कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो.

अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि बोटांचे ठसे व मुलाखत यांसाठी आपल्या भागातून साधारणपणे मुंबई गाठावी लागते. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी अनेक महिने लागतात, म्हणून सफरीच्या किमान वर्षभर आधी या कामाला लागावे आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारी मोठी रक्कम भरू नये. प्रवासाचा हेतू विचारल्यास ‘अलास्काची जलसफर’ असे सरळ सांगावे आणि पुढे विचारलेच तर बिगफूटचेही सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि आपणहून त्यावर व्याख्यान देण्याचेही कारण नाही.

जूनो ही अलास्काची राजधानी असली तरी तिथे बाहेरून रस्ता जात नाही, विमानाने किंवा जहाजानेच पोहोचता येते. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून सिअॅटल आणि पुढे सुमारे अडीच तासांचे विमान, असा प्रवास धरावा. सफरीच्या आदल्या दिवशी पोहोचण्याऐवजी दोन दिवस हाताशी ठेवावेत, कारण धुके आणि ढगांमुळे तिथली विमाने बरेचदा रखडतात आणि जहाज कोणासाठी थांबत नाही.

खर्च जाहिरातीत दिसतो त्याहून बराच वाढतो. दर सहसा एका खोलीत दोघे धरून दिलेला असतो, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला जादा भरावे लागते. दोन्ही टोकांचे हॉटेल, कर्मचाऱ्यांची बक्षिशी आणि बंदराचे कर वेगळे असतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आपल्याकडे टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्यामुळे पैसे भरताना चालू दर सीएला विचारून घ्यावा. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. विम्यात मात्र काटकसर करू नये. अनेक छोट्या जहाजांवर डॉक्टर नसतो, त्यामुळे हेलिकॉप्टर किंवा विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च पॉलिसीत स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे ना, हे पाहावे.

केव्हा जावे

हंगाम मे ते सप्टेंबर असतो. जूनमध्ये हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, पण जूनोचा दिवस तेव्हा १८ तासांहून मोठा असतो आणि खरा काळोख फारसा पडतच नाही, त्यामुळे रात्रीच्या शोधाची सगळी गंमत जाते. सप्टेंबरमध्ये रात्री लांबतात, पण पावसाची झोड उठते. माझा कौल ऑगस्टच्या उत्तरार्धाला आहे. त्या वेळी सॅमन मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत चढत असतात, त्यांच्यामागे अस्वले काठावर येतात, हवाईच्या उबदार पाण्यातून आलेले हंपबॅक देवमासे अजून इथे चरत असतात आणि ऐकत बसण्यापुरता अंधारही मिळतो.

हा बहुतेक टापू टोंगास राष्ट्रीय वनात मोडतो. त्याचे क्षेत्र सुमारे ६८ लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक आहे. नागपुरात वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर केचिकानमध्ये ३,५०० हून अधिक. तेव्हा आपल्याकडचा पावसाळी कोट तिथे पुरत नाही. शिवणीवर पट्टी मारलेले जाकीट आणि तशीच पँट घ्यावी, आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर घालावेत, आणि सुती कपडे व जीन्स घरीच ठेवावी, कारण भिजलेले सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट अनेक जहाजांवर उसने मिळतात. आपले माप आहे का, हे आधी विचारावे.

शाकाहारी असल्यास बुकिंग करतानाच कळवावे आणि अंडी व मासे चालतात की नाही, तेही लिहावे, कारण तिथे मासे खाणाराही स्वतःला शाकाहारी म्हणवतो. घरून चिवडा, शेवेची बंद पाकिटे, मेतकूट न्यावे आणि अमेरिकेत उतरल्यावर जकातीच्या अर्जात खाद्यपदार्थ असल्याचे नोंदवावे. ताजी फळे नेता येत नाहीत. नागपूरची म्हणून संत्र्यांची पिशवी कोणी हौसेने बरोबर दिली, तर ती विमानतळावर जप्त होईल.

घरच्या मातीत सराव

ठसे वाचण्याचा सराव नागपूरच्या आसपास फार चांगला होतो. व्याघ्रप्रकल्पात जिप्सीतून उतरता येत नाही, म्हणून ओळखीच्या शेताच्या धुऱ्यावर किंवा नाल्याच्या ओल्या काठावर सकाळी लवकर जावे. तिथे कुत्रा, कोल्हा, रानडुक्कर, रोही यांचे ठसे हमखास मिळतात. एकाच ठशावर न थांबता त्या जनावराची चाल निदान दहा पावले पुढे शोधावी. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो बरोबर वरून घ्यावा. ऊन तिरपे असेल तेव्हा ठशाची खोली उठून दिसते.

आपल्याकडे वाघांची गणना एकेकाळी पावलांच्या ठशांवरून होत असे. काचेवर ठसा रेखाटण्याची आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचा काढण्याची ती पद्धत वनखात्यातल्या जुन्या माणसांना अजून येते. एखाद्या निवृत्त वनरक्षकाकडून ती प्रत्यक्ष शिकून घ्यावी. ठशाभोवती पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी गोल रोवावी. दोन भाग प्लास्टर आणि एक भाग पाणी घेऊन ताकाहून घट्ट, पण ओतता येईल असे मिश्रण करावे आणि ते ठशावर थेट न टाकता कडेला ओतून आत सरकू द्यावे. आपल्या उन्हात अर्ध्या तासात साचा उचलता येतो, अलास्काच्या गारठ्यात मात्र त्याहून बराच जास्त वेळ द्यावा.

तिथल्या जंगलात सर्वांत फसवा ठसा अस्वलाचा असतो. चालताना त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर थोडा पुढे-मागे पडतो, दोन्ही ठसे एकमेकांत मिसळतात आणि माणसासारखे लांबलचक, रुंद पाऊल तयार होते. ओळखण्याची खूण बोटांत असते. माणसाचा अंगठा, म्हणजे सर्वांत मोठे बोट, पावलाच्या आतल्या बाजूला असते, तर अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूला असते. शिवाय बोटांच्या पुढे नखांचे टोचे दिसतात, पण भिजल्या वाळूत किंवा शेवाळावर ते पुसले जातात. म्हणूनच पुढची पावले शोधायची. पुढे कुठे तरी दोन्ही पाय वेगळे पडलेले सापडतात आणि कोडे सुटते.

आवाजांचेही असेच आहे. झाडावर काठी आपटल्यासारखा आवाज हा बिगफूटचा इशारा मानला जातो. पण रॅव्हन हा मोठा काळा पक्षी ठोकल्यासारखा आवाज काढतो, वाऱ्यात खोडे एकमेकांवर आदळतात, आणि दूरवर हिमनदीचा कडा कोसळला की त्याचा गडगडाट खाडीभर घुमतो. देवमाशाचा फुस्कारा शांत रात्री दूरवर ऐकू जातो, आणि पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतोच.

जहाजावर आणि किनाऱ्यावर

काही दिसले किंवा ऐकू आले, तर आपसांत बोलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतंत्र लिहून काढावे: वेळ, ठिकाण, अंदाजे अंतर, उजेड, किती सेकंद दिसले आणि नेमके काय दिसले. एकदा चर्चा झाली की सर्वांची आठवण एकसारखी होऊन बसते आणि साक्षीचे मोल उरत नाही. सहप्रवाशांना ही शिस्त पहिल्याच संध्याकाळी सुचवावी.

किनाऱ्यावर वाटाड्याच्या पुढे जाऊ नये. अॅडमिरॅल्टी बेटावर तपकिरी अस्वलांची वस्ती फार दाट आहे. तिथे गटाने, मोठ्याने बोलत चालण्याचा नियम असतो, म्हणजे अस्वल अचानक समोर येत नाही. मचाणावर चिडीचूप बसण्याच्या आपल्या सवयीला हे अवघड जाते, पण तो नियम मोडू नये. अस्वलाला रोखणारा मिरचीचा फवारा विमानात कोणत्याच सामानात नेता येत नाही, तो वाटाड्याकडे असतो. जमिनीवर पडलेले गरुडाचे पीससुद्धा उचलू नये, कारण अमेरिकेत ते बाळगणे गुन्हा आहे.

या किनाऱ्याचे मूळ रहिवासी क्लिंगिट लोक. त्यांच्या परंपरेत ‘कूश्तका’ आहे. तो पाणमांजराचे रूप घेतो आणि ओळखीचा आवाज काढून माणसाला वाट चुकवतो. आपल्याकडचा चकवा ज्यांनी आजीकडून ऐकला आहे, त्यांना तो परका वाटणार नाही. पण क्लिंगिट वाटाड्याला ‘तुम्ही पाहिलाय का’ असे हसत विचारू नये. तो त्यांच्या श्रद्धेचा आणि घराण्यांच्या कथांचा भाग आहे. त्यांनी होऊन सांगितले तर ऐकावे, आणि ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी.

ठशाचा साचा घरी आणायचा असल्यास तो पूर्ण वाळवावा, ब्रशने घासून त्यावरची माती, शेवाळ आणि पाने काढून टाकावीत, आणि कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवावा. भारतात परदेशी माती आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून बुटांचे तळवेही निघण्याच्या आदल्या दिवशी धुऊन घ्यावेत. साच्याच्या मागच्या बाजूला ठिकाण, तारीख, वेळ आणि त्याच चालीतल्या पुढच्या ठशांच्या फोटोंचे क्रमांक पक्क्या शाईने लिहावेत.