घरी कोंबुचा कसा करावा, आणि त्याच्या गुणांवर किती भरवसा ठेवावा

कोंबुचा म्हणजे जीवाणू आणि यीस्टनं आंबवलेला गोड चहा. एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करा. त्यात 6 ग्रॅम चहापत्ती आणि 70 ग्रॅम साखर घालून दहा मिनिटांनी गाळा. साखरेत काटकसर नको, तिच्यावर यीस्टला जगायचंय. चहा पूर्ण गार होऊ द्या. गरम चहात सगळं विरजण मरतं.

आता काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत चहा ओता. त्यात स्कोबी, म्हणजे जीवाणू आणि यीस्टची बुळबुळीत चकती सोडा. आधीच्या खेपेचा 100 मिली आंबट कोंबुचाही घाला. लोक चकतीचं फार कौतुक करतात, पण खरं काम या आंबट पाण्याचं: सुरुवातीपासूनच आम्लता असल्यानं बुरशीला थारा मिळत नाही. चकती नसली तरी निव्वळ या विरजणावर नवी साय धरते.

बरणीला घट्ट विणीचं कापड बांधा. झाकण नको, जीवाणूंना हवा लागते. कापड सैल असेल तर चिलटं शिरतात. धातूचं किंवा चकचकीत लेप दिलेलं मातीचं भांडं टाळा. आम्लामुळे लेपातलं शिसं पेयात उतरू शकतं.

आत यीस्ट साखर फोडून अल्कोहोल आणि वायू बनवतं, जीवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. पण सगळं काही संपत नाही. तयार कोंबुचात थोडी साखर, थोडं अल्कोहोल आणि चहातलं कॅफीन उरतंच.

सातव्या दिवसापासून चव घ्या. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), 2.5 ते 3.5 च्या दरम्यान हवा. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात, त्यांना घाबरू नका. वर कोरडी, केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर मात्र चकतीसकट सगळं फेकून द्या. मनासारखा आंबला की पुढच्या खेपेचं विरजण काढून ठेवा, बाकीचा गाळून फ्रीजमध्ये ठेवा. बंद बाटली बाहेर राहिली तर वायूच्या दाबानं फुटू शकते.

आता गुणांचं. यकृत ‘साफ’ होतं, कर्करोग बरा होतो, या दाव्यांना माणसांवरच्या अभ्यासांचा आधार नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात टाइप 2 मधुमेहींची उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली खरी, पण त्यात माणसं होती अवघी 12. उलट 1995 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातली आम्लता धोकादायक वाढली आणि एक दगावली. कोंबुचाच कारण होता हे सिद्ध झालं नाही, तरी घरच्या बरणीत स्वच्छता पाळायला एवढं पुरे. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तो पिऊच नये. इतरांनी दिवसाला 100-120 मिलीपासून सुरुवात करावी, आणि दातांसाठी वर साधं पाणी प्यावं.