गेनमाईचा बिघडतो कुठे? या चुका टाळा

पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मी वाट बघत बसले. गेनमाईचा... काय गेनमाईचा? पुढे काही येईना. मग कळलं की शब्द तिथेच संपतो. जपानीत 'गेनमाई' म्हणजे हातसडीचा, न पॉलिश केलेला तांदूळ. आणि 'चा' म्हणजे आपल्या गावाकडे म्हणतात तोच चा. थोडक्यात, भाजलेला तांदूळ घातलेला जपानी हिरवा चहा.

या नावावरून एक गोष्टही फिरते. गेनमाई नावाच्या नोकराच्या बाहीतून सामुराई मालकाच्या चहात तांदळाचे दाणे पडले, मालकाने रागाच्या भरात त्याची मान उडवली, मग घोट घेतला, आवडला, आणि पश्चात्तापाने चहाला त्याचं नाव दिलं. गोष्ट पंधराव्या शतकातली म्हणून सांगतात. पण हिरवी पत्ती गरम पाण्यात टाकून पिण्याची रीत जपानात रुळली ती बरीच नंतर. नागातानी सोएन या चहा पिकवणाऱ्याने क्योतोजवळच्या उजी भागात आपल्या पद्धतीचा सेन्चा, म्हणजे वाफवून वळलेल्या पत्तीचा हिरवा चहा, केला तो १७३८ साली. क्योतोत दुसरी हकीकत सांगतात: नववर्षाच्या मोचीचा, म्हणजे चिकट तांदळाच्या लाडवाचा, उरलेला चुरा वाया जाऊ नये म्हणून भाजून चहात घातला. मला ही जास्त पटते. काटकसरीतून निघालेल्या पदार्थाची चव अशीच असते.

पाणी फार निववणं

ग्रीन टीला उकळतं पाणी चालत नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. साध्या सेन्चापुरतं ते बरोबर. इथे त्यानेच घात होतो.

पुडीत वजनाने साधारण निम्मी पत्ती, निम्मा भाजलेला तांदूळ असतो. थालीपिठाची भाजणी भाजताना तांदूळ तांबूस व्हायला लागतो आणि घरभर जो वास सुटतो, त्याच कुळातला हा वास. सत्तर अंशांच्या पाण्यात तो दाण्यातून नीट उठतच नाही. पत्तीचं नेमकं उलट. पाणी जितकं गरम, तितकी कॅटेचिन्स नावाची कडू-तुरट द्रव्यं भराभर उतरतात. एकाला हवं ते दुसरीला सोसत नाही, आणि दोघांना एकाच किटलीत नांदवायचं आहे.

तोडगा वेळेत आहे. पाणी कडक, पण थांबायचं जेमतेम अर्धं मिनिट. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या अन्नघटकांच्या तक्त्यातही या चहाची मोजणी अशीच केलेली आहे: १५ ग्रॅम चहा, ६५० मिलिलिटर पाणी, ९० अंश, अर्धं मिनिट. बांचा, म्हणजे जून पानाच्या स्वस्त पत्तीचा गेनमाईचा असेल तर थेट उकळतं ओता. पुडीवर सेन्चा किंवा ग्योकुरो (सावलीत वाढवलेली महाग पत्ती) लिहिलं असेल तर ८०-८५ अंशांवर या आणि पाऊण-एक मिनिट द्या. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी आधी कपांत ओता, मग कपांतून किटलीत. भांडं बदललं की दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. कपही गरम होतात आणि पाणी नेमकं मोजलं जातं.

वरचा चमचा, तळाचा चमचा

माझी ही चूक कळायला एक अख्खी पुडी संपावी लागली. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या सामानातून अशी पुडी हाती येते. मला आली तीही अशीच. पहिला आठवडाभर चहा कडू व्हायचा, मी पाणी निववत गेले. शेवटच्या आठवड्यात आत्या आल्या, त्यांना दिला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "अगं, ही पेज आहे का? मीठ विसरलीस."

आत्या गेल्यावर उरलेली पुडी ताटात उपडी केली. नुसता तांदूळ, चार-दोन काड्या आणि हिरवी भुकटी. तांदूळ जड, तो खाली सरकतो. पत्ती हलकी, ती वर राहते. महिनाभर मी आधी चहा प्यायले आणि मग तांदूळ. तेव्हापासून दर वेळी डबा आडवा धरून दोनदा गोल फिरवते. जोरात हलवू नका, पत्तीचा चुरा होतो आणि चुरा लगेच कडू उतरतो. ताटात लाह्यांसारखे पांढरे दाणेही दिसतील. काहींना ती मक्याची भेसळ वाटते. तो भाजताना फुललेला तांदूळ असतो. आणि नाव गेनमाई असलं तरी बरेच उत्पादक पॉलिश केलेला किंवा चिकट तांदूळ भिजवून, वाफवून, वाळवून भाजतात. त्यात फसवणूक काही नाही.

प्रमाणाचंही तसंच. साध्या ग्रीन टीच्या सवयीने अर्धा चमचा घातला तर त्यातला अर्धा तांदूळच असतो, मग पाणचट लागणारच. दोन माणसांना ३०० मिलिलिटर पाणी आणि सहा-सात ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन शिगोशीग चमचे.

किटलीत पाणी शिल्लक ठेवणं

ओतताना शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. तळाशी चार घोट राहिले तर पत्ती त्यात भिजत राहते आणि त्याच पत्तीचा दुसरा चहा तोंडात धरवत नाही. शेवटचे थेंब सगळ्यांत दाट असतात, म्हणून एक कप भरून मग दुसरा असं करू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, मग उलट क्रमाने परत. ओतून झालं की झाकण किंचित सरकवून ठेवा, नाहीतर पत्ती आतल्या वाफेवर शिजते. दुसऱ्या वेळी उकळतं पाणी घाला आणि लगेच ओता. तांदळाचा बहुतेक वास पहिल्यातच निघून गेलेला असतो, दुसरा कप मुख्यतः पत्तीचा. तिसऱ्याच्या नादी मी लागत नाही.

साखळीला लटकणारा स्टीलचा छोटा गोळा यासाठी कामाचा नाही. त्यात पत्तीला उलगडायला जागाच मिळत नाही. त्यापेक्षा साध्या भांड्यात करून गाळणीने गाळलेला बरा, फक्त सगळा एकदम गाळा. थर्मासमध्ये पत्तीसकट भरून ऑफिसला नेणाऱ्यांना दुपारी काय मिळतं, हे मी करून पाहिलंय. काढा.

सगळं नीट करूनही चहा मंद, बसका लागत असेल, वर तवंग दिसत असेल, तर पाणी तपासा. जपानातलं पाणी बहुतांशी मृदू, तिथला चहा त्याच पाण्याच्या सवयीचा. आपल्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर पिण्यासाठी फिल्टर केलेलं घ्या.

माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, घातलेला प्रकारही मिळतो. त्याचा चहा गडद हिरवा आणि गढूळ होतो, तळाशी गाळ बसतो. तो खराब झालेला नाही. फक्त कडू लवकर होतो, म्हणून वेळ आणखी कमी करा.

दूध, आलं, लिंबू, मध: घालायचं तर घाला, घर तुमचं आहे. पण लिंबाने भाजका वास पार झाकला जातो, आणि त्याच वासाचे तर पैसे दिलेले असतात.

पावसाळा आणि फ्रीज

तांदूळ दमट हवा पटकन ओढतो. उघडी पुडी फ्रीजमध्ये ठेवली तर बाहेर काढताना आत दव धरतं, वर रात्रीच्या आमटीचा वास लागतो. घट्ट झाकणाचा लहान डबा, ओट्यापासून लांब, आणि उघडल्यावर महिन्या-दीड महिन्यात संपवणं बरं. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर टाकून द्या. नुसता मऊ पडून वास हरवला असेल, तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर एक-दोन मिनिटं हलवत भाजा. पत्ती तपकिरी होईल, चव होजिचाकडे, म्हणजे भाजलेल्या हिरव्या चहाकडे झुकेल.

चाखताना आधी नाक. झाकण उघडल्यावर येणारी पहिली वाफ घ्या, मग आवाज करत भुरका मारा. हवा आत गेली की वास नाकात मागून चढतो. आधी तांदूळ, मग पत्तीची हिरवी चव, शेवटी पुसट गोडवा. हा क्रम उलटला आणि आधी तुरटपणाच जिभेला लागला, तर वेळ जास्त झाली समजा.

आणि तांदूळ आहे म्हणून कॅफीन नाही, असंही नाही. जपानी मंत्रालयाच्या त्याच तक्त्यात १०० मिलिलिटरला १० मिलिग्रॅम दिलंय. सेन्चात २०, कॉफीत ६०. रात्री उशिरा पिणाऱ्यांनी आपापलं ठरवावं.

उरलेला चहा ओतून देऊ नका. जपानात तो भातावर ओतून खातात, त्याला ओचाझुके म्हणतात. वर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट जपानी फळ. आत्यांना मागच्या वेळी गार भातावर गरम गेनमाईचा ओतून दिला. त्यांनी बरणीतून कैरीच्या लोणच्याची फोड काढून त्यात टाकली आणि वाटी पुन्हा पुढे केली.