दोन वर्षांसाठी जपान: मॉर्मन मिशनरीची तयारी

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चकडून मिशनचं, म्हणजे धर्मप्रसाराला जाण्याचं, बोलावणं आलं की घरचे पहिल्यांदा सूटच्या दुकानात धावतात. जपानला निघायचं असेल तर हा क्रम उलटा करावा. कपडे चार दिवसांत घेऊन होतात. व्हिसा, दात आणि औषधं यांना महिने लागतात, आणि घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८ महिन्यांचं. देश आपण निवडत नाही, तो चर्च ठरवतं. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी जुलै २०२० पासून महिना ५०० डॉलर भरावे लागतात, मग पाठवणी टोकियोत होवो की शेजारच्या राज्यात. खाण्यापिण्याचे पैसे तिथे कार्डावर मिळतात, पण सायकल, बूट, कोट यांची रक्कम वेगळी बाजूला ठेवावी.

कागदपत्रांत पासपोर्ट आधी. परतीच्या तारखेनंतरही त्याची सहा महिने मुदत उरली पाहिजे, नाहीतर मिशनच्या मध्यावर नूतनीकरणाची कटकट मागे लागते. धार्मिक कार्याच्या व्हिसासाठी जपानकडून पात्रतेचा दाखला यावा लागतो. तो साधारण तीन महिनेच चालतो, म्हणून हातात पडला की लगेच वकिलातीत अर्ज टाकावा. दाखला, पासपोर्ट, तिकीट या तिन्हींवरचं नाव मधल्या नावासकट अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघावं. व्हिसा लांबला तर तोवर मायदेशातल्याच एखाद्या मिशनमध्ये काम करावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही, पण बॅगेत त्या हवामानाचेही कपडे लागतात.

आता औषधं, कारण इथली चूक थेट कस्टमपर्यंत जाते. अॅडेरॉलसारखी अॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्याची गोळी जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेली तरी बेकायदा आहे. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असतं, तीही चालत नाहीत. एडीएचडीवर (लक्ष न टिकण्याच्या विकारावर) अशा गोळ्यांचे उपचार सुरू असतील तर निघण्याच्या चार-पाच महिने आधी डॉक्टरांशी बोलावं. नवं औषध मानवतंय का हे घरीच कळलेलं बरं. चिठ्ठीवरची इतर औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आयातीचं मंजुरीपत्र आधी काढावं लागतं. अक्कलदाढ त्रास देणार असं दंतवैद्य म्हणत असेल तर ती आताच काढून घ्यावी. चष्मा वापरणाऱ्यांनी दोन चष्मे न्यावेत, सोबत नंबरचा कागद.

प्रशिक्षणाचा पहिला आठवडा घरून ऑनलाइन होतो आणि पुढचा भाग अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्होच्या केंद्रात. जपानी शिकणाऱ्यांना तिथे साधारण नऊ आठवडे मिळतात. हिरागाना आणि काताकाना, म्हणजे प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, घरीच पाठ करून जावं. रोज पाच अक्षरं लिहून गिरवली की तीन आठवड्यांत दोन्ही लिप्या होतात. रोमन लिपीवर विसंबून राहणाऱ्याला स्टेशनवरच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि उच्चारही वाकडे बसतात. याच काळात सकाळी साडेसहाला उठणं आणि रात्री साडेदहाला दिवा मालवणं अंगवळणी पाडावं. रात्री दोनपर्यंत फोन बघणाऱ्याला पहिला महिना याच एका गोष्टीने जड जातो.

सूट दोन, पांढरे शर्ट आठ-दहा, तेही इस्त्री न लागणारे. बूट मात्र घरूनच दोन जोड न्यावेत, कारण २८ सेंटिमीटरपेक्षा मोठं माप साध्या जपानी दुकानात मिळता मिळत नाही. नाडीचे नकोत, सरकवून घालता येतील असेच घ्यावेत. दिवसात दहा दारांत बूट काढायचे-घालायचे म्हटल्यावर नाडीवाल्याची टाच आठवड्यात चुरगळते. मोजे १२ जोड, एकालाही भोक नको. तातामीवर, म्हणजे गवताच्या चटईच्या जमिनीवर, सपाताही उतरवायच्या, आणि संडासातल्या सपाता तिथेच ठेवून बाहेर यायचं.

सायकल तिथेच घ्यावी. आधीच्या मिशनरीकडून घेतली तर पोलिसांकडची नोंदणी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर रस्त्यात पोलिसाने थांबवल्यावर ती चोरीची नाही हे पटवत बसावं लागतं. साध्या जपानी सायकलचा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या जुन्या सायकलीसारखाच असतो: आत पितळी नळी, तिच्यावर रबराची बारीक व्हॉल्व्ह ट्यूब. अमेरिकेतल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही, चिमट्याचा पंप लागतो. चाक रोज रात्री बसतंय आणि पंक्चर तर सापडत नाही, असं झालं की टायर काढण्याआधी ते रबर बघावं. वर्षभरात ते चिकट होऊन फाटतं. नवं काही येनमध्ये मिळतं, थुंकी लावून सरकवलं की काम झालं.

सायकल डावीकडून चालवायची, आणि अमेरिकन पाय इथेच चुकतात. दोघांनी शेजारी शेजारी चालवायची नाही, एकामागे एक. छत्री धरून चालवणं बंद आहे, म्हणून पँटसकटचा रेनकोट हवाच. एप्रिल २०२६ पासून १६ वर्षं आणि त्यावरील सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती मिळते. उजवीकडून चालवल्यास ६,००० येन, हातात फोन धरल्यास १२,०००.

घरात सेंट्रल हीटिंग नाही. रॉकेलचा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते पहिल्या रात्रीच तपासावं आणि अधूनमधून खिडकी उघडावी. फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, रोज गुंडाळावा, नाहीतर घामाने खाली बुरशी धरते. कचरा सकाळीच ठेवायचा. रात्री ठेवला तर कावळे पिशव्या फाडतात आणि शेजाऱ्यांच्या नजरेत मिशनरी कायमचे उतरतात.

चहाचं उत्तर आधीच घोटून ठेवावं. चर्चच्या नियमाने कॉफी, दारूबरोबर ग्रीन टी, होजिचा, ऊलाँगही वर्ज्य, पण भाजलेल्या सातूचा मुगिचा चालतो. ‘नको’ म्हणून थांबू नये, ‘मुगिचा असेल तर आवडेल’ म्हणावं. यजमानाचा मान राहतो.

मोठी सुटकेस एकच न्यावी. बदल्या दर सहा आठवड्यांनी होतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तोकाइदो शिनकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये सामानासाठी वेगळी जागा राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा ती कुरियरने पुढे पाठवावी, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. नव्या शहरात १४ दिवसांच्या आत पालिका कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आणि जुनं शहर सोडतानाही तिथे कळवायचं. निवासी कार्ड सुटकेसमध्ये नको, शर्टाच्या खिशात हवं. ते कायम जवळ बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे.

घरच्यांनाही एक काम आहे. आठवड्यातून एकदा बोलायला फेब्रुवारी २०१९ पासून परवानगी आहे, आणि सुटीचा दिवस बहुधा सोमवार असतो. जपानमध्ये सोमवारी सकाळी नऊ वाजता युटात रविवारचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, उन्हाळ्यात सहा. ती वेळ मोकळी ठेवावी.