विंडोज १० चे अपडेट थांबले, मशीन चालू आहे: आता काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन तसंच चालू राहतं, पण नव्याने सापडलेली सुरक्षेची भोकं आता आपोआप बुजवली जात नाहीत. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. त्यासाठी आवृत्ती २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. घरगुती मशीनसाठी ही सोय जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, म्हणजे तात्पुरतीच.

कायमचा उपाय म्हणजे विंडोज ११, पण ‘विंडोज ११ चालणार नाही’ हा संदेश बघून लगेच मशीन भंगारात काढू नका. पुष्कळदा प्रोसेसर चालण्यासारखा असतो, फक्त टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. रन उघडून ‘एमएसइन्फो३२’ द्या (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत) आणि दोन ओळी वाचा: प्रोसेसर आणि बायोस मोड. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतला, अथवा त्यानंतरचा असेल तर आशा आहे. नक्की मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या यादीत ताडून पाहा. शिवाय ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क हवी, पण ४ जीबीवर विंडोज ११ रडतखडतच चालतं.

बायोस मोडपुढे ‘लेगसी’ (मशीन सुरू होण्याची जुनी पद्धत) दिसलं तर इथेच सगळे फसतात. बायोसमध्ये जाऊन थेट यूईएफआय (नवी पद्धत) निवडलं की विंडोज सुरूच होत नाही, कारण डिस्कची विभागणी अजून एमबीआर या जुन्या पद्धतीची असते. आधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ ही कमांड ‘/व्हॅलिडेट’ आणि ‘/अलाऊफुलओएस’ जोडून चालवा. यात काही बदलत नाही, नुसती तपासणी होते. ती पास झाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ टाका, म्हणजे डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची होते. नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) असणं किंवा एखादं एक्स्टेंडेड पार्टिशन असणं. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन हा त्यातला हमखास चौथा पाहुणा.

रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा, सिक्युअर बूट चालू करा. टीपीएम त्या नावाने सापडेलच असं नाही. इंटेलमध्ये ते ‘पीटीटी’ आणि एएमडीत ‘एफटीपीएम’ असतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल आणि मशीनने मागितली, तर डेटा गेला म्हणून समजा.

प्रोसेसर आणि टीपीएमची तपासणी चुकवूनही विंडोज ११ बसवता येतं. मात्र पुढच्या अपडेटची खात्री नाही, आणि फारच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. कामाच्या मशीनवर हा उद्योग नको.

त्याऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तिची इन्स्टॉलेशन फाइल (आयएसओ) चढवायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) आधी जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन मधेच अडकतं आणि दोष विनाकारण पेनड्राइव्हला जातो. लगेच इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. लॅपटॉप झोपवून परत जागा करूनही बघा. वायफाय दिसत नसेल तर ब्रॉडकॉमचं कार्ड असू शकतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल, ते ‘एएचसीआय’ करा. पण विंडोजही ठेवायचं असेल तर आधी सेफ मोडची तयारी करूनच हा बदल करा, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं. दोन्ही ठेवणाऱ्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करावं. ते चालू असलं की विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

फिरत्या हार्ड डिस्कचं मशीन असेल तर कुठलीही सिस्टिम टाकण्याआधी २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा; २४० जीबी पुष्कळ झाली. रॅम वाढवण्यापेक्षा जास्त फरक बहुधा यानेच पडतो.

जुन्या स्कॅनरसाठी किंवा एखाद्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज १० ठेवावंच लागलं, तर त्या मशीनचं इंटरनेट तोडा. फाइल पेनड्राइव्हने न्या आणि तो दुसऱ्या मशीनला लावल्यावर आधी स्कॅन करा.