नवरात्रीचे रंग डोळ्यांवर: लिमिटेड एडिशन पॅलेट निवडताना आणि लावताना

नवरात्रीत दिवसाच्या रंगाची साडी नेसण्याची पद्धत महाराष्ट्रात कचेऱ्यांपासून लोकलच्या महिला डब्यापर्यंत रुळली आहे, आणि त्याच सुमारास आयशॅडोची सणासाठी काढलेली लिमिटेड एडिशन पॅलेट्सही दुकानांत दिसू लागतात. काजळापलीकडे फारसे काही न लावणाऱ्यांनी गडद निळा किंवा नारिंगी रंग आजमावून पाहावा, असे हे दिवस आहेत. मात्र साठा संपेल या घाईने पॅलेट घेण्याआधी तो रंग आपल्या पापणीवर कसा दिसतो, हे डोळ्यांसाठीच्या साध्या रंगीत पेन्सिलीने पाहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

लिमिटेड एडिशनमध्ये पुष्कळदा नवे असते ते वेष्टनच; त्यातले बरेचसे रंग त्याच कंपनीच्या नेहमीच्या मालिकेत सुटे मिळू शकतात. म्हणून पॅलेटमधले किती रंग आपण खरोखर लावू, हे आधी मोजावे. आयात केलेल्या मालाच्या लेबलवर भारतातील नोंदणी क्रमांक आणि नोंदणीधारकाचे नाव-पत्ता आहे का, तसेच मुदत उलटलेली नाही ना, हे तपासावे. अमेरिकेत डोळ्यांभोवती चालणाऱ्या रंगद्रव्यांची यादी वेगळी असल्यामुळे तिकडून आलेल्या काही पॅलेट्समधल्या गुलाबी, लाल वा निऑन रंगांना आयशॅडो न म्हणता ‘प्रेस्ड पिगमेंट’, म्हणजे दाबून बसवलेली रंगपूड, म्हटलेले असते आणि ते डोळ्यांजवळ वापरू नयेत, अशी बारीक अक्षरांतली सूचना मागच्या बाजूला असते. ही सूचना वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानातला टेस्टर हातावरच लावून पाहावा, डोळ्यांना कधीही लावू नये.

घरी आणल्यावर थोडासा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबावे. खाज, लाली किंवा पुरळ आल्यास तो रंग बाजूला ठेवावा.

आता प्रत्यक्ष लावण्याकडे वळू. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर पिवळा आणि नारिंगी रंग नुसते लावले तर मळकट दिसतात. त्यांच्याखाली पांढऱ्या पेन्सिलीचा किंवा फिकट कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ थर द्यावा. लालाखाली मात्र पांढरा थर देऊ नये, कारण लाल त्यावर गुलाबीकडे झुकतो. तिथे त्वचेच्या रंगाचा कन्सीलरच योग्य ठरतो. गडद निळ्यासाठी निळ्याच पेन्सिलीने पापणी भरून ती बोटाने हलकेच पसरावी आणि लगेच, ती ओलसर असतानाच, चपट्या ब्रशने वरून पावडर थोपटावी. ब्रश इकडून तिकडे ओढला की रंग विरतो आणि मधे चट्टे पडतात. पापणीच्या खोबणीत त्वचेहून किंचित गडद असा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, तपकिरी रंग लावून मऊ, कोरड्या ब्रशने फक्त कडा मिसळाव्यात. हा तपकिरी रंगच निळ्याला चेहऱ्याशी जोडतो, म्हणून तो वगळू नये. निळा आणि पिवळा एकमेकांना भिडले तर मधे हिरवट पट्टा उमटतो, तेव्हा दोन्ही वापरायचे असल्यास त्यांच्यामध्ये थोडी जागा सोडावी. गडद रंगांची पावडर गालांवर झडते, त्यामुळे आधी डोळे पूर्ण करावेत, गाल पुसून घ्यावेत आणि मगच फाउंडेशन लावावे.

चमकीच्या बाबतीत तडजोड नको. हस्तकलेसाठी विकल्या जाणाऱ्या चमकीचे कण धारदार असतात आणि त्यांनी बुबुळाला ओरखडा पडू शकतो. डोळ्यांसाठी म्हणून बनवलेलीच चमक वापरावी आणि तीही पापणीच्या मधोमध, पापणीच्या केसांच्या कडेपासून दूर लावावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढाव्यात.

ऑक्टोबरच्या उकाड्यात गरबा खेळायचा असेल तर वॉटरप्रूफ काजळ आणि लायनर लागतात, आणि ते नुसत्या पाण्याने निघत नाहीत. तेलयुक्त रिमूव्हरने भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर काही क्षण धरून मग खालच्या दिशेने पुसावे. लाल-गुलाबी रंगांचा डाग पापणीवर राहिला तरी घासू नये; तो हळूहळू आपोआप जातो.

पॅलेट पुन्हा मिळणार नाही म्हणून जपून ठेवण्यात अर्थ नाही. वेष्टनावरच्या उघड्या डबीच्या चिन्हात १२ एम असे लिहिले असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ते वापरायचे असते. उघडल्याची तारीख पॅलेटच्या मागे लिहून ठेवावी आणि दसऱ्यानंतरही त्यातले रंग नेहमीच्या दिवशी, निदान लायनरसारखे बारीक रेषेत, लावत राहावे.