नवी माहिती आली, मत किती बदलायचं?

नवी माहिती उघडण्याआधी सध्याच्या मताला आकडा द्या आणि तो लिहून ठेवा. ‘बहुतेक खरं असावं’ चालणार नाही. ‘शंभरात 20’ असं लिहा. नाहीतर नंतर ‘मला आधीपासून हेच वाटत होतं’ असं स्वतःलाच पटवून द्यायला आपण मोकळे! शून्य किंवा शंभर मात्र टाळा. पुढे गुणाकार करायचा आहे, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

शंभरात 20 म्हणजे खरं : खोटं हे प्रमाण 1 : 4. आता दोन प्रश्न. मत खरं असेल तर ही माहिती समोर येण्याची शक्यता किती? खोटं असेल तर किती? दुसरा प्रश्न लोक हमखास गाळतात आणि घोळ तिथेच होतो. समजा उत्तरं 60 टक्के आणि 15 टक्के आली, तर पुरावा चौपट. 1 : 4 मधल्या 1 ला 4 ने गुणा, झालं 4 : 4, म्हणजे निम्मं-निम्मं. दोन्ही उत्तरं सारखीच आली, तर माहिती कितीही खमंग असो, आकडा हलवू नका. इंग्रज पाद्री आणि गणिती थॉमस बेझच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापलेल्या निबंधातून आलेला नियम तो हाच.

अंदाजाने मात्र आपण दोन्हीकडे चुकतो. मानसशास्त्रज्ञ वॉर्ड एडवर्ड्स यांनी 1968 मध्ये मांडलेलं उदाहरण पाहा. एका पिशवीत 700 लाल, 300 निळ्या चकत्या, दुसरीत उलट. न बघता एक पिशवी उचलली. चकती काढायची, बघायची, परत टाकायची, असं 12 वेळा केलं: 8 लाल, 4 निळ्या. ही जास्त लालवाली पिशवी असण्याची शक्यता किती? बहुतेक जण 70 ते 80 टक्के म्हणतात. हिशेब करा: दर लाल चकतीला 7/3 ने गुणायचं, दर निळीला तेवढ्यानेच भागायचं. चार निळ्या चार लाल खातात, उरतात चार लाल. 7/3 चारदा गुणलं की जवळपास 30 : 1, म्हणजे 97 टक्के. पुरावा थेंबाथेंबाने आला की आपण असे कंजूष होतो.

एकच ठसठशीत पुरावा आला की उलटं. सुरुवातीचा आकडाच विसरतो. हजारात 10 जणांना आजार आहे, चाचणी त्यातले 9 पकडते, पण 990 निरोगी लोकांपैकी 89 जणांनाही पॉझिटिव्ह ठरवते. एकूण पॉझिटिव्ह 98, खरे आजारी 9. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तरी आजार असण्याची शक्यता जेमतेम 9 टक्के.

गुणताना एक पथ्य पाळा. एकाच बातमीच्या पाच नकला म्हणजे पुरावा एकच. प्रत्येक नक्कल वेगळी धरलीत, तर 4 चे थेट 1024 होतात. मूळ एकच असल्याची शंका आली, तर एकदाच गुणा.