जुन्या व्हीटेकचे ब्रेक पॅड अंगणातच बदला, पण आधी पिना बघा

माझी 2002 ची होंडा सिटी व्हीटेक, 106 बीएचपीची, तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की पोरं हसतात, पण आंबा घाटात एकदा शेजारी बसवलं की गप्प होतात. तर त्याच घाटातून साखरप्याकडे उतरताना पुढून खर्र खर्र यायला लागलं, म्हणजे पॅड संपले. मागे ड्रम आहेत, त्यामुळे हे सगळं पुढच्या दोन चाकांचंच.

जागा सपाट हवी आणि माडाखाली नको, कारण सांगायला नको. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावा. चिरा फक्त एवढ्यालाच हां! आमच्याकडे सर्रास चिऱ्यावर गाडी टेकवतात, जांभा वजनाखाली कधी फुटेल नेम नाही, तेव्हा अ‍ॅक्सल स्टँड, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी पाय, आणाच. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची.

चाक काढलं की कॅलिपर दिसतो, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. त्याचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला, आणि पूर्णच काढावा लागला तर काथ्याने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका. जुने पॅड काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही बाजू एकदम खोलू नका, म्हणजे अडलं तर दुसरीकडे बघता येतं. धूळ फुंकायची नाही, ब्रेक क्लीनरने धुवायची.

आता खरं काम. माझा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा अजून अर्धा शिल्लक, हे बघितलं की समजायचं कॅलिपर सरकत नाहीये. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने स्लाइड पिना, म्हणजे ज्यांच्यावर कॅलिपर मागे-पुढे सरकतो त्या, आत गंजून धरतात. नवीन पॅड टाकून तसंच परत जोडून टाकलंत तर तेही तसेच झिजणार. माझी खालची पिन पक्कडीने फिरवत फिरवत निघाली, वर लाल चिखलासारखं ग्रीस. पुसा, बारीक पॉलिश पेपर मारा, खड्डे पडले असतील तर पिन नवीनच घ्या, रबरी बूट फाटला असेल तर तोही. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकचंच, साधं ग्रीस रबर फुगवतं. वरची पिन वर, खालची खाली, अदलाबदल नको. बोटाने ढकलली तर सुळकन सरकली पाहिजे.

मग ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंज्याने) कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू आत दाबा, डबीवर लक्ष ठेवा कारण ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग खातं. डिस्कला खोल चरे किंवा काठाला मोठी कड असेल तर जाडी मोजा, किमान आकडा सहसा डिस्कवरच कोरलेला असतो. नवे पॅड जुन्यासारखेच बसवा, पॅड झिजला की किंचाळणारी पट्टी असलेला आतल्या बाजूला. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

चाकाचे नट 108 न्यूटन मीटर, तेही आडवे-तिडवे आवळत.

आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. मी पहिल्यांदा हे विसरलो, पॅडल थेट जमिनीला, हँडब्रेक ओढला म्हणून तुळशीवृंदावन वाचलं, आईने दोन दिवस चहा विचारला नाही. नंतर डबीतली लेव्हल बघून झाकण लावा.

पहाटे आरे-वारेच्या रस्त्याला गर्दी नसते, तिकडे नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून ताशी साठवरून वीसवर असं आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं थंड होऊ देत. शंभरेक किलोमीटर झाले की नट परत एकदा तपासा, आणि पिना दर पावसाळ्यानंतर.